आलात, गेलात, जेवलात

एका पत्राला वर्षभर उत्तर गेले नव्हते. ते पत्र माझ्याच पोटात, 'ग'च्या पानांत पडून होते. म्हणून त्या दिरंगाईचा थोडा दोष मी माझ्याकडे घेतो. तसा मी कोणताही दोष चटकन स्वतःकडे घेणाऱ्यांपैकी आहे.

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. कोणी मला 'तो शब्दकोश' म्हणते, कोणी 'ती डिक्शनरी', कोणी 'ते जाडं पुस्तक'. मी तिन्ही हाकांना ओ देतो. आतले शब्द तेच राहतात.

माझा जन्म छापखान्यात झाला. तिथले मुद्रितशोधक फार अबोल गृहस्थ होते. माझे प्रत्येक पान नाकाशी धरून ते स्वतःलाच विचारत, "हे बरोबर आहे ना?" त्यांचा तो संशयी स्वभाव शाईबरोबर माझ्यात उतरला असावा. शब्दकोशाने असे म्हणू नये, पण माझ्याकडे जे लिहिले आहे ते बरोबर आहे, याची मला कधीच पुरती खात्री वाटली नाही.

पुढे मी एका आरोग्य संशोधन केंद्रात आलो. तिथली माणसे घरोघरी जाऊन गरोदरपण आणि बाळंतपण यांविषयी प्रश्न विचारत. त्या उत्तरांवरूनच डॉक्टरांना कळे, कोणाला कोणते औषध द्यावे, कशाला जपावे. प्रश्न लिहिताना एखादा शब्द अडला की प्रमुख डॉक्टरीणबाई म्हणत, "त्याला विचारा. तो खोटं बोलत नाही." मी आतून फुलून जाई.

मग संगणक आला आणि मी त्याच्या पडद्याखाली गेलो. आकडेमोड करणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे बेरीजराव म्हणत. पडदा वर उचलला गेल्यामुळे त्यांची मान दुखायची थांबली. एवढे तरी माझ्या हातून झाले, असे मी मनाला समजावले.

ते पत्र आले तेव्हा बाईंनी मला पडद्याखालून ओढून काढले. उत्तर लिहिता लिहिता त्या 'गरोदर' या शब्दापाशी आल्या. माझ्यात लिहिले होते, 'पोटात गर्भ असलेली स्त्री'. बाईंनी ते वाचले, पेन खाली ठेवले आणि पत्र तिथेच ठेवून मला मिटले. पत्रासकट मी पुन्हा पडद्याखाली.

वर्षभराने केंद्रात एक ताई कामाला लागली. ती जन्मली तेव्हा लोकांनी तिला मुलगा म्हटले होते. आपण मुलगी आहोत, हे तिने मोठेपणी सर्वांना सांगितले. अशा माणसांना ट्रान्स म्हणतात. त्यांची माहिती कोणत्याच पाहणीत नीट येत नव्हती. ती यावी, म्हणून बाईंनी ताईला बोलावून घेतले होते.

"हे बिचारं कुणी चेपून ठेवलंय?" म्हणत तिने पहिल्याच दिवशी मला ओढले. बेरीजरावांचा पडदा खाली बसला आणि पत्र जमिनीवर पडले. ताईने ते मोठ्याने वाचले.

'मी सुतार आहे. जन्मलो तेव्हा लोक मुलगी म्हणाले, पण मी पुरुष आहे. माझा मुलगा माझ्याच पोटी वाढला आणि तो मला बाबा म्हणतो. तुमच्या पाहणीत मी खरी उत्तरं दिली. ती चूक ठरवून बाद केल्याचं कळलं. आम्हाला आता दुसरं मूल हवंय. डॉक्टर म्हणतात, तुमच्यासारख्यांची माहितीच कुठे नाही. मी तर दिली होती. आता कुणाला विचारू?'

बेरीजरावांचे कान लाल झाले. "पुरुष आणि बाळंतपण एकत्र आलं की संगणक चूक दाखवायचा. मी बाद करत गेलो."

नवी प्रश्नावली त्याच आठवड्यात छापायला जायची होती. बाई म्हणाल्या, "'बाळंतीण' लिहिलं की हे सुतार बाहेर. त्यांच्यासारख्यांसाठी वेगळी प्रश्नावली करायची का?"

"आणि दारात उभं राहून पिशवीतून कोणती काढायची?" ताई म्हणाली. "चेहरा बघून?"

जरा हलके वाटावे म्हणून ताई बेरीजरावांकडे वळली. "काय हो, माझ्याच वयाच्या सगळ्यांना तुम्ही अरे-तुरे करता. मलाच एवढं अहो-जाहो का? मी म्हातारी दिसते?"

"तसं नाही. भीती वाटते."

"माझी?"

"व्याकरणाची," बेरीजराव टेबलाकडे बघत म्हणाले. "'आलास' की 'आलीस', घाईत चुकीचं निघालं तर तुम्हाला लागेल. 'तुम्ही' म्हटलं की आलात, गेलात, जेवलात. चुकायला जागाच नाही."

ताई पोट धरून हसली. "अहो, 'आलीस' म्हणा की. कान आसुसलेत माझे."

बाई मात्र हसल्या नाहीत. "पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तेच. आलात, गेलात."

मग त्यांनी फळ्यावर लिहिले, 'तुम्ही कधी गरोदर राहिलात का?' आणि तिघेही बघत राहिले. हा प्रश्न कोणत्याही बाईला विचारता येत होता आणि त्या सुताराला सुद्धा. मान देऊन विचारले की समोरचे माणूस बाई की पुरुष, हे आधी ठरवावे लागत नव्हते. मित्रांनो, 'तुम्ही' हा शब्द माझ्यात पहिल्यापासून होता. तो एवढा गुणाचा आहे, हे मलाही ठाऊक नव्हते.

मग कामाला रंग चढला. 'तुम्ही किती वर्षांच्या आहात?' पाशी गाडी अडली.

"तुमचं वय किती?" बेरीजरावांनी सुचवले. "कागदही वाचेल."

'कितव्या वर्षी आई झालात?' या प्रश्नाने फार छळले. त्यातून शेवटी दोन प्रश्न निघाले. पहिले मूल झाले तेव्हाचे वय, आणि 'मूल तुम्हाला काय म्हणून हाक मारतं?' त्यापुढे चौकटी नव्हत्या, नुसती मोकळी रेघ होती.

"रेघ मोजायची कशी?" बेरीजराव म्हणाले.

"वाचून," ताई म्हणाली.

नंतर तिने मला 'गरोदर'पाशी उघडले आणि विचारले, "आजोबा, चालेल ना?" पेन्सिलीने तिने 'स्त्री' खोडून समासात 'व्यक्ती' लिहिले. 'पोटात गर्भ असलेली व्यक्ती'. बाकीच्या वाक्याला धक्कासुद्धा लागला नाही. माझे मुद्रितशोधक असते तर त्यांनी पान नाकाशी धरून मान डोलावली असती, असे मला वाटते. नक्की सांगता येत नाही.

बेरीजरावांनी बाद उत्तरांचा गठ्ठा सोडला आणि एकेक कागद वाचला. त्यात तो सुतार एकटा नव्हता. त्याच्यासारखे आणखी कितीतरी बाबा होते. काहींना दुसरे मूलही झाले होते. माहिती इथेच होती. बेरीजरावांनी ते सगळे कागद पुन्हा मोजणीत घेतले. त्या दुपारी ते शीळ घालत होते.

मग बाईंनी उत्तर लिहिले. 'उशीर झाला, कारण आमच्याकडे नीट प्रश्नच नव्हता. आता आहे, सोबत पाठवत आहे. तुमची जुनी उत्तरं पुन्हा मोजली आहेत. तुमच्यासारखे आणखी लोक सापडले आहेत. त्यांच्याविषयी जे कळलं, ते वेगळ्या कागदावर तुमच्या डॉक्टरांसाठी जोडलं आहे.' पाकिटावर नावाआधी त्यांनी ठसठशीत 'श्री.' लिहिले.

मित्रांनो, आता माझी जागा खिडकीत आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल, तर त्याला हवे तर पडद्याखाली ठेवा, पण अधूनमधून उघडत जा. आमच्यात चुका असतात, पण समासही असतो. तेवढी एक पेन्सिल टोकदार ठेवा.

पाकीट घेऊन ताई बाहेर पडली. मला खिडकीतून कोपऱ्यावरची टपालपेटी दिसत होती. तिने पाकीट आत सोडले, पेटीवर एक थाप मारली आणि जवळजवळ पळतच परत आली.

बेरीजरावांनी घसा साफ केला. ओठातल्या ओठात त्यांनी एकदा तालीम करून पाहिली.

"आलीस?" ते म्हणाले. "पडलं पत्र?"

"पडलं," ताई म्हणाली.