टोपाखालचं डोकं

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. भात शिजवायचा नव्हे, नाटकात डोक्यावर चढवायचा, केसांचा. मांडवीच्या धोंडूमामांनी महिनाभर खपून एकेक केस जाळीत ओवला आणि मागे छोटासा करडा अंबाडा घातला.

माझे मालक देवदत्त. ते शाळेत शिक्षक होते आणि रत्नागिरीच्या हौशी नाटकांत आत्याबाई व्हायचे. ही आत्या "मला मेलीला भूकच नाही" म्हणत पाटावर बसायची आणि पानात भात पडेपर्यंत वाढणारीकडे नुसती बघत राहायची. पुढे एक शब्द नाही. प्रेक्षक क्षणभर गप्प. मग मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसायचं आणि ते हसू पुढपर्यंत यायचं. प्रयोगानंतर त्यांच्या पत्नी कुसुमताई मला विंचरून उशीच्या अभ्र्यात ठेवायच्या.

पुढे मुंबईच्या एका वाहिनीने देवदत्तांना विनोदी कार्यक्रमात बोलावलं. आत्या तीच, पण दिग्दर्शक निलेश म्हणाला, "काका, एवढं थांबायला वेळ कुणाला आहे? लोक चॅनल बदलतात. तुमचा टोप उडवू या."

दुसऱ्या नटाने मला ओढलं. देवदत्तांचं टक्कल दिव्याखाली चमकलं आणि टाळ्याच टाळ्या. मग दर आठवड्याला तेच. मला लाथाडलं, कढीत बुडवलं. देवदत्तांना आधी लाज वाटायची. नंतर सवय झाली. शेवटी तेच नव्या युक्त्या सुचवू लागले.

त्याच वर्षी कुसुमताईंना कर्करोग झाला. औषधांनी केस गेले. देवदत्तांनी मला शिकेकाईने धुतलं, अंबाडा सोडला, टोकं कातरली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या डोक्यावर बसवलं. कार्यक्रमासाठी त्यांनी दुसरा टोप घेतला.

"कुणाला कळायचंसुद्धा नाही," ते म्हणाले.

खरंच कळलं नाही. कुसुमताई मला घालून बाजारात गेल्या, भाचीच्या लग्नात मिरवल्या. मित्रांनो, माझ्या हातून घडलेलं सगळ्यात चांगलं काम तेच.

मग कार्यक्रमात कलाकारांच्या बायकांचा खास भाग ठरला. कुसुमताई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. देवदत्तांनी हात धरून त्यांना मंचावर नेलं. दुसऱ्याच क्षणी तो हात माझ्यावर पडला.

"बघा, आमच्या घरात दोन-दोन आत्या!" असं ओरडून त्यांनी मला उपटून काढलं.

कुसुमताईंनी दोन्ही तळवे डोक्यावर ठेवले. लोकांना वाटलं, हेही बसवलेलंच आहे. ते आणखी हसले.

"अहो, द्या ना तो," त्या हळूच म्हणाल्या.

देवदत्तांनी मला उंच धरून नाचवलं.

त्या दिवशी कुसुमताईंनी मला पिशवीत कोंबलं आणि थेट पावसला भावाकडे, श्यामदादांकडे गेल्या. परत गेल्या नाहीत. हळूहळू डोक्यावर बोटभर केस आले.

आंब्याच्या दिवसांत एका दुपारी देवदत्त तिथे आले. पडवीत श्यामदादा पेट्यांना खिळे मारत होते.

"कुसुम, लोकांना तू फार आवडलीस गं. पुन्हा बोलावलंय." मग त्यांचं लक्ष कुसुमताईंच्या डोक्याकडे गेलं. ते घुटमळले. "फक्त हे केस तेवढे काढायला लागतील."

श्यामदादांची हातोडी थांबली. कुसुमताई आत गेल्या, मला घेऊन आल्या आणि देवदत्तांच्या मांडीवर ठेवलं.

"टोप न्या," त्या म्हणाल्या. "डोकं दुसरं शोधा."

त्यांनी शोधलं. मिळालंही लगेच. आता दर आठवड्याला कुणा ना कुणाच्या डोक्यावरून मला ओढतात. माझी जाळी उसवली आहे, केस झडत आहेत.

मित्रांनो, माझं काही नाही, फाटलो तर धोंडूमामा शिवतील. तुम्ही एवढंच करा. मी हवेत उडालो की सगळे वर माझ्याकडे बघून हसतात. तुम्ही तेवढं खाली बघा.