जिन्यावरून पडला तो मी नव्हे

मी भुशाचा बाहुला बोलतोय. सिनेमात नायक कड्यावरून पडतो ना, तो मी. नायक तेव्हा खुर्चीत बसून चहा पीत असतो. आजवर तीनशेदा तरी मेलो असेन. एकदा तर सकाळी नायक म्हणून मेलो आणि दुपारी त्याचाच खून केला म्हणून फासावर गेलो. खोटं वाटत असेल तर सोडून द्या.

मला शिवलं सामानखोलीच्या काकांनी. प्रत्येक मरणानंतर मांडीवर घेऊन टाके घालायचे. म्हणायचे, "टिकलास रे गड्या."

मग मंदी आली. थिएटरं ओस पडली, सेटच्या फळ्यासुद्धा विकल्या गेल्या. निर्मात्याची गाडी तेवढी नवी आली. काटकसर सुरू झाली ती माझ्यापासून.

जिन्यावरून पडायचा प्रसंग होता. काका मला नायकाचा शर्ट चढवत होते, तेवढ्यात निर्माता आला. "हा फाटला की दिवसभर शिवत बसता. त्या म्हाताऱ्याला विचारा."

म्हातारा म्हणजे नायकांच्या जागी पडणारा एकेकाळचा नामांकित माणूस. मांडीत लोखंडी सळई, चार महिने घरी बसून.

"पडतो की," बोलावल्याबरोबर येऊन तो म्हणाला. "फक्त पुढच्या सिनेमात मला घ्या."

काका उसळले. "साहेब, त्याचा पाय आधीच मोडलाय."

"बाहुला शिवावा लागतो. माणूस घरी जाऊन आपला आपण भरून येतो."

डोक्यात नुसता भुसा माझ्या, तरी हा हिशेब मला कळला.

काकांनी माझा शर्ट काढून त्याला घातला. बटणं लागेनात. म्हातारा म्हणाला, "नीट लाव रे. तुझ्या बाहुल्यापेक्षा देखणा दिसलो पाहिजे."

मला नायकाशेजारी खुर्चीत बसवलं. म्हातारा बावीस पायऱ्या सुरेख पडला.

"चेहरा दिसला," दिग्दर्शक जांभई देत म्हणाला. "पुन्हा एकदा."

तो कठडा धरून, लंगडत वर चढला. दुसऱ्यांदा चेहरा दिसला नाही. दुसऱ्यांदा तो उठलाही नाही.

मांडी पुन्हा मोडली. आता काठीशिवाय त्याला उभं राहता येत नाही. पुढच्या सिनेमाच्या यादीत त्याचं नाव नाही. काका काम सोडून गेले. मी गोदामात आहे, एक टाकाही न उसवलेला. लाज वाटते.

तो सिनेमा लागलाय. बघायला गेलात, तर टाळी वाजवण्याआधी पडणाऱ्याचे हात बघा. माझे हात कधी कठडा धरायला जात नाहीत.