दोन्ही बटणं आणि एक उत्तर

मी एक जुनी मेलिंग लिस्ट आहे, मित्रांनो. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. एका पत्त्यावर मेल टाकायची आणि ती सगळ्या सभासदांना पोचवायची, एवढंच माझं काम. भोसरी, चाकण, तळवडे इथल्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यांत, मशीन बंद पडलं की मेन्टेनन्सवाल्यांनी माझ्यावर विचारायचं आणि जाणत्यांनी उत्तर द्यायचं, म्हणून मला काढलं.

काढलं यशवंतरावांनी. निगडी प्राधिकरणात राहायचे. सगळी नोकरी मशीनच्या ग्रीसमध्ये गेलेला माणूस. त्यांनी प्रत्येक नव्या सभासदासाठी चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. मशीन कोणतं ते सांगा. काय होतंय ते सांगा. तुम्ही स्वतः त्यात काय फेरफार केलाय तो लपवू नका. आणि काम झालं की कशाने झालं ते लिहा. मी त्या ओळी आजही प्रत्येकाला पाठवते. कोण वाचतंय?

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. दिवाळीला माझ्यावर शुभेच्छा यायच्या. मग माणसं वाढली आणि रीत गेली. विषयाच्या जागी नुसतं 'अर्जंट'. खाली आडवा, हललेला एक फोटो. मशीनचं नाव नाही, गाव नाही. 'सर नंबर द्या, कॉल करतो.' त्याखाली दहा जणांचं 'मला पण सेम'. काम झालं की विचारणारा गायब. मी मुकाट्याने सगळं वाहून नेलं.

पण खरी खोड वेगळीच होती. माझ्यावर मेन्टेनन्सवाले आहेत, तसे त्यांचे मालकही आहेत, आणि माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांची ऑडिटवाली मंडळीही आहेत. सगळे सगळं वाचतात. त्यामुळे आमच्या पट्ट्यात एक पद्धतच पडली. मशीनची वायर कापलेली असो, सेन्सर काढून ठेवलेला असो, माझ्यावर लिहायचं एकच : 'सगळं ओरिजिनल आहे.' विचारणारा खोटं लिहितोय हे उत्तर देणाऱ्यालाही माहीत असायचं. तरी सगळे माना डोलवायचे.

मान डोलवायची नाही ती करिष्मा. रावेतला राहते, मशीनच्या कंट्रोल पॅनलचं काम करते. ती उलट विचारायची, खोदून विचारायची. लोकांना राग यायचा. 'मॅडम फारच चौकशा करतात,' असं एकाने चुकून मलाच पाठवलं आणि ते सगळ्यांना गेलं. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तर चाकणहून ज्ञानेशची मेल आली. लातूरकडचा पोरगा, दौलतरावांच्या लहानशा प्रेस शॉपमध्ये मेन्टेनन्सला. विषय, अर्थातच, अर्जंट. 'दोन्ही बटणं दाबली तरी मशीन कधी चालतं, कधी नाही. प्लीज हेल्प.'

प्रेसला दोन बटणं असतात, मित्रांनो. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा भार खाली येतो. म्हणजे हात बाहेरच राहतात. शिवाय समोर लाइट कर्टन असतो, प्रकाशाचा पडदा. कुणाचा हात आत गेला की मशीन जागीच थांबतं.

करिष्माने उत्तर दिलं, 'एक बटण आतून झिजलंय. नवीन मागवा. तोवर पायाच्या पेडलवर चालवता येईल, पण लाइट कर्टन चालू असेल तरच. चालू आहे ना?'

खरं काय होतं ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते. तो पडदा बंद होता. सारखं मशीन थांबतं, माल कमी निघतो, म्हणून दौलतरावांनी आदल्याच आठवड्यात ज्ञानेशला तो बायपास करायला लावला होता. आणि ज्ञानेश उत्तर टाइप करत होता तेव्हा दौलतराव त्याच्या खुर्चीमागे उभे होते.

'हो मॅडम,' ज्ञानेशने लिहिलं. 'सगळं ओरिजिनल आहे.'

मी ते पोचवलं. मला थांबवता येत नाही.

संध्याकाळी आणखी एक मेल आली. 'पेडलवर मस्त चाललंय. थँक्यू मॅडम.' खाली टाळ्या आणि अंगठे. त्याच पाळीत खंडू नावाचा ऑपरेटर मशीनवर असताना पत्र्याचा तुकडा डायमध्ये, म्हणजे साच्यात, अडकला. पडदा आहे या भरवशावर त्याने हात घातला. पाय पेडलवर होता.

मग कितीतरी दिवस त्या शॉपमधून काहीच आलं नाही. आली ती दौलतरावांची मेल, तीही शुद्ध आणि लांबलचक. 'आपल्या लिस्टवरील सल्ल्यामुळे आमच्या कामगारास इजा झाली. सल्ला देणाऱ्यांनी जबाबदारीने द्यावा.' ऑडिटवाल्यांनी वाचली. मालकांनी वाचली. ज्ञानेशनेही वाचली. करिष्माने एकच ओळ लिहिली, 'मी विचारलं होतं.' आणि तिने माझ्यावरून नाव काढून घेतलं. तिला थांबा म्हणायला एक माणूस पुढे आला नाही. या लोकांची मला शिसारी आली, आजही येते.

त्यानंतर एक नवा सभासद आला. खंडू. तो बोलला आणि त्याच्या बायकोने, विजयश्रीने, टाइप केलं.

'मी खंडू. दौलतरावांच्या शॉपात प्रेसवर व्हतो. उजव्या हाताची चार बोटं गेली. पडदा बंद हाय हे मला दवाखान्यात कळलं. ज्ञानेशभाऊ, तुमाला ठावं व्हतं. सायेब मागं उभं व्हते, ते बी मी बघितलं. त्यांच्याम्होरं मॅडमला खरं लिवता आलं न्हाई, कबूल. पर मी तर तुमच्या बाजूलाच व्हतो. चहाला आपण संगटच गेलो. मला का न्हाई सांगितलं?'

माझ्या सगळ्या आयुष्यात इतका सरळ, इतका पुरा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्याला एकच उत्तर आलं, एका ऑडिटवाल्याचं : 'कृपया लिस्टचे नियम पाळा. येथे फक्त तांत्रिक प्रश्न विचारावेत.' यशवंतरावांनंतर नियमांची आठवण कुणाला झाली ती अशी.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल, कुठेतरी माझ्यासारख्या लिस्टवर प्रश्न टाकाल. अर्जंट लिहा, फोटो आडवा पाठवा, माझी हरकत नाही. पण मशीनपुढे जो उभा आहे त्याच्यापासून काही लपवू नका. मालक मागे उभा असला तरी नाही.

आणि ज्ञानेश, तू अजून माझ्यावर आहेस. माझी प्रत्येक मेल तुला पोचते. खंडूला उत्तर दे.