मधली जाळी

प्राणिसंग्रहालय केवढं तरी पसरलेलं, पण पिल्लं वाढवायला ऊबदार खोल्या दोनच. त्या कुणाला द्यायच्या, हे मोठ्या बाई ठरवायच्या. दुर्मीळ प्राणी सगळेच रांगेत उभे. सगळ्यांना हो म्हटलं, तर त्यांची पिल्लं काय बाईंनी डोक्यावर घेऊन नाचायचं?

बाई दोनच गोष्टी बघायच्या. लोक कुणापाशी थांबतात, आणि तो प्राणी दुसरीकडे कुठे सांभाळला जातोय का. लाल पांडांपुढे पोरंटोरं काचेला नाक लावून उभी राहायची, म्हणून एक खोली त्यांना. दुसरी निळ्या तुऱ्याच्या कबुतरांना. मागच्या कोपऱ्यातल्या रानडुकरांपाशी मात्र कुणी थांबलंच, तर बुटाची नाडी बांधायला.

खरं तर ती जात जगात फार थोडी उरलेली. पण रूप म्हणाल तर आनंदच! नराच्या गालावर चामखिळी, डोक्यावर विस्कटलेली झुलपं. मादीचा चेहरा कायम काहीतरी बिनसल्यासारखा, म्हणून सगळे तिला काकू म्हणायचे. मग नर आपोआप काका झाला.

"ही डुकरं धाकटीकडेही आहेत," बाई म्हणायच्या. त्यांची धाकटी बहीण दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात याच कामावर होती. तेव्हा इथे घाई नव्हती. तोवर पिल्लं होऊ नयेत म्हणून काका-काकूंच्या मध्ये जाळी घातली. काका जाळीला पाठ टेकून झोपायचा, काकू पलीकडून. त्यांची देखभाल करणारे मामा दरवर्षी विचारायचे, "बाई, यंदा?"

"यंदा नको, मामा. नंतर बघू."

अशी किती वर्षं गेली, बाईंनाही कळलं नाही. मग एका दुपारी धाकटीचा फोन आला. आईच्या गुडघ्यांबद्दल बोलून झालं, भाच्याच्या परीक्षेबद्दल झालं, आणि जाता जाता ती म्हणाली, "ताई, तुझ्या काका-काकूंच्या पिल्लांतली एक जोडी आम्हाला दे ना."

"माझ्याकडे कुठली पिल्लं? तुझ्याकडे आहेत म्हणून तर मी थांबलेय."

"अगं, माझी कधीच म्हातारी होऊन गेली. नवीन आणली नाहीत. म्हटलं, ताई करतेय ना, मग मी कशाला जागा अडवू?"

"आणि बाकीच्या ठिकाणी?"

"बाकीच्यांनी मला विचारलं होतं," धाकटीचा आवाज बारीक झाला. "मी म्हटलं, काळजी नको, ताईकडे आहेत."

दोघी रोज फोनवर तासन्‌तास बोलायच्या. जगातलं सगळं बोलून व्हायचं, पण एवढं एक विचारायचं राहून गेलं होतं.

बाईंनी त्याच आठवड्यात पांडांची खोली रिकामी करायला घेतली. वरच्या साहेबांशी भांडल्या, पांडांना दुसरीकडे हलवलं, जमिनीवर सुकं गवत अंथरलं. मग डॉक्टरांनी काकूला भूल देऊन तिच्या पोटावरून यंत्र फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"बाई, गर्भाशयात गाठीच गाठी आहेत. डुकरिणी वर्षानुवर्षं व्याल्या नाहीत की असं होतं. आता हिला पिल्लं व्हायची नाहीत."

"औषध, ऑपरेशन, काहीतरी असेल ना?"

"आधी असतं तर गोष्ट वेगळी होती."

बाईंना रडू आवरेना. "मी हिला नाही म्हटलंच नव्हतं हो," त्या मामांना म्हणाल्या. "नंतर म्हटलं होतं."

"तुम्ही तरी काय करणार, बाई," मामा म्हणाले. ते मनापासून म्हणाले, आणि बाईंना ते जास्तच लागलं.

काकू शुद्धीवर येऊन चालू-फिरू लागल्यावर बाईंनी मामांकडे पक्कड मागितली आणि मधली जाळी स्वतःच्या हातांनी काढली. काका उठला. जाळी होती तिथवर आला, हवा हुंगली आणि तिथेच थबकला. मग रोजच्यासारखी पाठ फिरवून आपल्याच बाजूला आडवा झाला. थोड्या वेळाने काकू आली, आपल्या बाजूने बसली आणि तिची पाठ त्याच्या पाठीला लागली. दोघंही दचकली, पण हलली नाहीत.

मामा झाडू हातात धरून बाईंच्या शेजारी उभे होते. यंदा त्यांनी काही विचारलं नाही.