पाणी वाटायचं काम

नवशिक्या धावणाऱ्यांचा मेंटॉर म्हणजे नेमकं काय, हे कीर्तीला कुणी धड सांगितलं नव्हतं. तिची समजूत अशी, की स्पर्धेच्या दिवशी पिवळा टीशर्ट घालायचा, हातात झेंडा धरायचा आणि चार जणांना चुचकारत शेवटच्या रेषेपर्यंत न्यायचं. प्रत्यक्षात दिवाळीपासून ती लोकांच्या टाचा, पोटऱ्या, रात्रपाळ्या आणि सासवा सांभाळत होती. तेही फुकट. "यात तुला मिळतं काय?" असं कुणी विचारलंच, तर "डोकेदुखी" एवढं बोलून ती मोकळी व्हायची.

कीर्ती तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होती. पंचेचाळिशीची, उंच, अंगानं भरलेली आणि तोंडानं फटकळ. तिच्या वाट्याला आलेल्या नवख्यांपैकी मिथुन नावाचा एक पोरगा पहिला किलोमीटर वाघ मागे लागल्यासारखा पळायचा आणि दुसऱ्यात रस्त्याकडेला बसायचा. त्याच्यापुढे तिनं हात टेकले होते. तिचा खरा जीव होता तो प्रियंकावर.

प्रियंका त्याच कंपनीत पॅकिंगला होती. शाळेत असताना धावण्यात तालुक्याला पहिली आलेली. मग लग्न होऊन मासवणला गेली आणि पळणं संपलं. पाळी सुटल्यावर कंपनीची बस निघेपर्यंत अर्धा तास मिळायचा, तेवढ्यात ती कीर्तीबरोबर वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर सराव करायची. पायात नवऱ्याचे, म्हणजे नीलेशचे, जुने बूट. पुढे कापडाचे बोळे कोंबलेले. कीर्तीनं बुटांवरून कितीतरी वेळा तोंड वाजवलं, पण बूट घरी नेता येणार नसतील तर नवे घेऊन ठेवायचे कुठे, हा प्रियंकाचा प्रश्न होता. हे जुने तरी लॉकरमध्ये पडून असले तर कुणी विचारत नव्हतं.

कारण घरी ठाऊक नव्हतं. नीलेशला होतं, सासऱ्यांना नव्हतं. मागच्या वर्षी तिनं रीतसर विचारलं होतं. दादू, म्हणजे तिचे सासरे, ओट्यावर दोरी वळत बसले होते. ते चिडले नाहीत, ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाईमानूस रस्त्यानं पळतं म्हंजे लोक समजतात घरात कायतरी झालं. कोन मेलं, नायतर कोनी मारलं. मी कोनाकोनाला सांगत बसू?" त्या घरात सासरे ओट्यावर असले की सून डोक्यावर ओढणी घेऊन मागच्या दारानं ये-जा करायची. तिथे धावण्याची गोष्ट तिथेच मिटली.

यंदा तिनं पुन्हा विचारलंच नाही. स्पर्धेत पाणी वाटायला जाते, एवढंच सांगितलं. "पानी वाटनं चांगलं काम हाय. जा," असं दादू म्हणाले. हे ऐकून कीर्ती खदखदून हसली होती, आणि नंतर तिला त्या म्हाताऱ्याचा मनस्वी राग आला होता. कधी भेटला तर त्याला काय काय सुनवायचं, हे तिनं अंघोळ करताना पाठ करून ठेवलं होतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मैदान मनोर रस्त्यावरच्या एका शाळेचं, आणि दहा किलोमीटरचा मार्ग तिथून पालघरच्या दिशेला. मासवणशी काही संबंध नाही. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी छातीवर लावायचे नंबर घ्यायला सगळे मैदानावर जमले, तेव्हा आयोजकांनी हसतमुखानं सांगितलं, की पालघरकडचा रस्ता पाइपलाइनसाठी खोदलाय, म्हणून धाव आता उलट्या दिशेनं, मासवणमधून वळून परत.

प्रियंकानं हातातला नंबर उलटा केला, जणू कुणी वाचेल.

"घर रस्त्याला लागून हाय, ताई," ती म्हणाली. "आनि उद्या रविवार. सगला गाव बघायला उभा राहील. ते तर पहिले बसतील खुर्ची टाकून."

"मग पाच किलोमीटरला जा. ते अलीकडूनच वळतात. मी आत्ता बोलते, नंबर बदलून देतील."

प्रियंकानं नंबर पुन्हा सुलटा केला. मैदानावर कुणीतरी माइक तपासत होतं. "पाच तर मी कदीपन पळेन," ती शेवटी म्हणाली. "दहासाठी जीव काढला ना आपुन? आनि उद्या पाचवर वळले, तर मी परत कदी दहाला उभी राहनार नाय. मला माहीत हाय माझं."

"आणि त्यांनी बघितलं तर?"

"तर सगलंच बंद. पळनं तर जाईलच. खोटं बोलले म्हनून कंपनीपन सोडायला लावतील." मग कीर्तीच्या रुंद खांद्यांकडे बघून ती जराशी हसली. "जाताना घर डाव्या हाताला हाय. तुमी डावीकडून पळा. तुमच्याआड मी दिसायची नाय."

आयुष्यात पहिल्यांदाच कीर्तीच्या आकारमानाचा कुणाला उपयोग होणार होता. ती कबूल झाली, पण रात्री तिला धड झोप लागली नाही.

सकाळी गारठा होता. टोपी कपाळावर ओढलेली, ओढणी नाही, स्पर्धेचा टीशर्ट आणि नीलेशचे बूट, अशी प्रियंका रांगेत उभी राहिली. शिट्टी झाली. मिथुन नेहमीसारखा सुटला. कीर्तीनं त्याला हाकसुद्धा मारली नाही. तिचं सगळं लक्ष उजव्या अंगाला होतं. प्रियंका छान पळत होती. श्वास एकसारखा, खांदे सैल. तिसऱ्या किलोमीटरला एका बाईला तिनं मागे टाकलं, तेव्हा तर तिच्या चेहऱ्यावर मासवणचा विचारही नव्हता. कीर्तीच धापा टाकत होती, ते निम्मं काळजीनं.

मग मासवणची घरं लागली. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं. पोरं टाळ्या वाजवत होती, एकानं पत्र्याचा डबा बडवायला घेतला होता. कीर्तीनं झेंडा डाव्या हातात घेतला, जरा आडवा धरला आणि प्रियंकाला जवळजवळ चिकटून पळू लागली.

"चिंचेच्या झाडाखाली," प्रियंका पुटपुटली.

चिंचेखाली तीन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. कडेच्या दोन्हींवर शेजारचे कुणी म्हातारे. मधल्या खुर्चीत मफलर गुंडाळलेला, काटकुळा माणूस. आणि झालं असं, की जी गोष्ट दोघींच्या हिशेबात नव्हतीच, ती प्रियंकाच्या पायांनी केली. ते थांबले. सात वर्षं सासरे समोर दिसले की जे पाय थबकायचे, ते आजही थबकले. हात आपोआप डोक्याकडे गेला, ओढणी शोधत. तिथे टोपी होती. कीर्ती चार पावलं पुढे निघून गेली आणि मागे प्रियंका भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत उघडी पडली.

"चल!" कीर्ती ओरडली. "अगं, चल!"

प्रियंका हलली नाही. मान खाली, डोळे स्वतःच्या बुटांवर. मागून येणारे तिला वळसा घालून जात होते. डबा वाजवणारा पोरगा ओरडला, "ए, काकी!" झालं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दादूंनी तिच्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग खाली पायांकडे, मग छातीवरच्या नंबराकडे. कीर्ती आपलं पाठ केलेलं भाषण आठवू लागली. त्यातला एक शब्दही जागेवर नव्हता.

म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून उठला. खुर्ची उचलली. सावकाश तिचं तोंड घराच्या भिंतीकडे केलं, आणि रस्त्याकडे पाठ करून पुन्हा बसला.

"काय रे दादू?" शेजारच्यानं विचारलं. "शर्यत इकडं हाय ना!"

"डोळ्यात ऊन येतंय," दादू भिंतीकडे बघत म्हणाले.

ऊन अजून चिंचेच्या शेंड्यावरसुद्धा आलं नव्हतं.

कीर्तीला आधी काही कळलंच नाही. प्रियंकाला कळलं. सासऱ्यांनी पाठ फिरवली म्हणजे सून मोकळी. तिनं टोपी नीट केली, नाक पुसलं आणि पळत सुटली, अशी की कीर्तीला तिला गाठायला घाम फुटला. पुढे वळणावर नंबर टिपून घेऊन त्या परत फिरल्या. चिंचेखालचे दोघे म्हातारे आता उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिसरी खुर्ची भिंतीकडेच होती. शर्यत बघायला पहाटेपासून जागा धरून बसलेला माणूस पोपडे धरलेली भिंत बघत होता. पुढे रेषेपर्यंत प्रियंका एकदाही थांबली नाही. मुदतीच्या बऱ्याच आधी तिच्या गळ्यात पदक पडलं, आणि रडली मात्र कीर्ती.

पण राग गेला होता असं नाही. पाठ फिरवली, त्यात काय मोठं केलं? सून एवढी जीव तोडून पळते, तर माणसानं बघावं तरी. घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडून बसली तरी ती हेच घोकत होती. आणि आता त्या घरात काय चाललं असेल, या धास्तीनं तिला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी फोन आला.

"काय बोलले?" कीर्तीनं आधी तेच विचारलं.

"मी मागच्या दारानं गेले. पदक पिशवीत, बूट पिशवीत. ते मोरीपाशी हात धूत होते. मला वाटलं, आता फाडतात." प्रियंका दम घ्यायला थांबली. "आईंना बोलले, ती पानी वाटून दमलीय, आज भाकरी तू कर."

कीर्तीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग मला विचारलं, परत कदी हाय पानी वाटायचं? मी घाबरत बोलले, दर रविवारी असतं."

"मग?"

"काय नाय बोलले. जेवले. हात धुवून ओट्यावर जाता जाता बोलले, नीलेसचे बूट त्याला देऊन टाक. बाजारात जाऊन तुज्या मापाचे घे. दिवसभर पानी वाटायचं तर पायात धड कायतरी पायजे."