भरपाईत मिळाली घंटा

मी घंटा बोलतेय. १९१२ साली सेंट लुईसच्या एका कारखान्यात कासं ओतून मला घडवलं. अंगावर देवाच्या दयेबद्दल लॅटिनमध्ये एक ओळ कोरली आहे. ज्या मुलांसाठी मला आणलं, त्यातल्या एकालाही ती वाचता येत नव्हती. ती दयाही त्यांच्या वाट्याला कधी आली नाही, म्हणून फारसं बिघडलं नाही.

रेल्वेनं मी साउथ डकोटाच्या माळावर आले. तिथे एका धर्मसंस्थेनं लाकोटा या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली होती. मुलांना घरातून उचलून आणायचं, त्यांचे केस कापायचे, नावं बदलायची, स्वतःच्या भाषेत बोलली की मारायचं. याला ती मंडळी शिक्षण म्हणत.

मी दिवसातून सतरा वेळा वाजे. उठा, गुडघे टेका, जेवा, कपडे धुवा, झोपा. माझा आवाज आला की मुलं दचकत. अशा नोकरीचा अभिमान कसला धरायचा!

१९४९ च्या जानेवारीतली गोष्ट. इमोजीन तेव्हा आठ वर्षांची होती, तिचा भाऊ लिओ अकरा वर्षांचा. बहिणीशी लाकोटात बोलला म्हणून लिओला पट्ट्यानं मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पळाला. आईचं घर एकोणीस मैलांवर होतं. दुपारी हिमवादळ सुरू झालं.

त्या मुलखात वादळात कुणी बाहेर अडकलं, तर घरची माणसं घंटा वाजवत राहतात. आवाजाच्या रोखानं हरवलेला माणूस परत येतो. हे तिथल्या गुराख्यालाही माहीत असतं.

इमोजीन मुख्याध्यापकांकडे धावत गेली. त्यांच्याकडे संस्थेचा कुणी बडा पाहुणा जेवायला आला होता.

"फादर, घंटा वाजवा. लिओला ऐकू येईल."

"घंटा वेळापत्रकाप्रमाणे वाजते," ते म्हणाले. "पळपुट्यांसाठी नाही." आणि त्यांनी सूपचा पुढचा घोट घेतला.

ती अंगणात आली आणि माझ्या दोराला लोंबकळली. आठ वर्षांच्या पोरीचं वजन ते किती! मी तीनदाच वाजले. मग त्यांनी तिला ओढून काढलं आणि तळहातांवर पट्टा मारला. चार वाजता मला पुन्हा वाजवलं, कपडे धुण्यासाठी. अगदी वेळेवर.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर लिओ सापडला, शाळेपासून अर्ध्या मैलावर. तोंड शाळेकडे होतं, म्हणजे तो परत येत होता. त्यांनी त्याच दिवशी त्याला पुरलं आणि आठवड्यानं आईला पत्र पाठवलं की देवाची इच्छा. कुठे पुरलं, ते पत्रात नव्हतं. थडग्यांवरचे लाकडी क्रूस पुढे कुजले आणि ती जमीन संस्थेनं चराईला दिली. शाळा बंद पडली तेव्हा मला खाली उतरवायचीही तसदी कुणी घेतली नाही.

२००३ साली इमोजीन पुन्हा माझ्याखाली येऊन उभी राहिली. आता ती बासष्ट वर्षांची होती. बरोबर एक तरुण वकील होती, स्वानंदी. मूळची शिकागोजवळच्या शॉमबर्गची, आईवडील नागपूरचे. शाळेत छळ सोसलेल्या चौदा जणांचा संस्थेविरुद्धचा खटला तिचं ऑफिस फुकट लढवणार होतं. इमोजीननं त्या दिवसाची सगळी हकिकत सांगितली. स्वानंदीचं पेन मध्येच थांबलं.

"तुम्हाला कोर्टाकडून काय हवंय?" तिनं विचारलं.

"लिओ कुठे आहे, ते हवंय. आणि त्यांनी कबूल करावं. पैसे दिले तर तेही घेईन. माझं छप्पर गळतंय."

संस्थेनं चार वकील उभे केले. शाळेत काही वाईट घडलं नाही, असं त्यांतला एकही म्हणाला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की फार उशीर झाला, या लोकांनी आधी का तोंड उघडलं नाही? तोंड उघडलं म्हणून ज्यांना लहानपणभर बडवलं, त्यांनाच हा प्रश्न! दफनाची नोंदवही मागितली, तर ती 'सापडत नाही'. माझ्या दुरुस्तीची १९२३ सालची पावती मात्र बरोबर सापडली होती.

२००६ मध्ये दावा फेटाळला गेला. कायद्यानं घातलेली मुदत उलटली होती. चौदांपैकी पाच जण तोवर वारले होते. त्याच सुमारास सीमेपलीकडे कॅनडात अशा शाळांतल्या मुलांना भरपाई द्यायचं ठरलं. इमोजीनची मामेबहीण तिकडची. तिचा फोन आला तेव्हा इमोजीन म्हणाली, "आपण एकाच आजीच्या नाती गं. मी फक्त रेषेच्या चुकीच्या बाजूला जन्मले."

पुढच्या वर्षी संस्थेला एकाएकी माणुसकीचा पुळका आला. मला खाली उतरवलं, घासून चकचकीत केलं, अंगावर 'मैत्रीची खूण' अशी पाटी ठोकली. मंडप आला, लिंबाचं सरबत आलं, कॅसेटवर बासरीसुद्धा लागली. मुख्यालयातून आलेले गृहस्थ गहिवरून म्हणाले, "ही घंटा आता तुमची. हीच आमची माफी समजा."

"कशाबद्दल माफी?" इमोजीननं विचारलं.

"जे काही घडलं असेल, त्याबद्दल."

स्वानंदीनं तिथूनच वडिलांना, विनयना, फोन लावला. आवाज स्पीकरवर होता.

"बाबा, they gave us the bell!"

"काय दिलं?"

"घंटा! भरपाई म्हणून."

"म्हणजे... खरोखरची घंटा?" आणि त्यांना हसू आवरेना. मग एकदम ओशाळून म्हणाले, "सॉरी गं. सॉरी. पण यार, कमाल आहे या लोकांची."

ते का हसले, हे स्वानंदीनं इमोजीनला समजावून सांगितलं. "आमच्या भाषेत घंटा मिळाली म्हणजे काहीच मिळालं नाही." त्यावर ती म्हातारी इतकी हसली की तिला खुर्चीत बसवावं लागलं. डोळे पुसून ती म्हणाली, "चला, ही परत करू या."

संस्थेचं मुख्यालय शिकागोजवळ होतं. भाच्याच्या पिकअपमध्ये घालून इमोजीननं मला आधी शॉमबर्गला, विनयच्या गराजमध्ये आणलं. ते कुरकुरत होते. "गिफ्ट कधी कुणी रिटर्न करतं का? केस संपली ना, मग सोडून द्या." मग मला पाहिलं आणि सवयीनं त्यांचा हात लोलकाकडे गेला, देवळात जातो तसा. स्वानंदीनं तो मनगटापाशी धरला.

"बाबा, don't. ही तसली घंटा नाहीये."

तिनं त्यांना लिओबद्दल सांगितलं. त्यांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "उद्या मी पण येतो. हिला उतरवायला माणसं लागतील."

मुख्यालयाला सुरेख हिरवळ होती, गुलाबाचे ताटवे होते. विनय आणि भाचा यांनी मला ढकलत नेऊन बरोबर मुख्य दारात ठेवलं. प्रमुख घाईघाईनं बाहेर आले.

"अहो, पण हिला आम्ही कुठे ठेवायचं?"

"माझा भाऊ जिथे ठेवलाय, तिथे," इमोजीन म्हणाली. "कुठे ठेवलाय?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. "नोंद सापडत नाही, मॅडम."

"शोधा. तोवर ही दारातच राहील. सरकवलीत तर मी परत येईन, आणि बरोबर वर्तमानपत्रवाले असतील."

आता २००८ चा ऑक्टोबर आहे. मी अजून दारातच आहे. माझ्यावर निळी ताडपत्री घातली आहे आणि दार निम्मंच उघडतं. ही धर्मशील मंडळी पोट आत ओढून, तिरकी होऊन आतबाहेर करतात. दर सोमवारी इमोजीनचा फोन येतो. तीच चौकशी, तेच उत्तर. पण परवा एकानं तळघराची किल्ली मागितली. तो खोकी उघडतोय, असं ऐकते. त्याच्यावर माझा विश्वास नाही. मी यांना फार वर्षं ओळखते.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलात, तर माझं कौतुक करत थांबू नका. अंग चोरून आत जा आणि विचारा, लिओला कुठे पुरलंय?