पट्टीनं ओढलेलं आभाळ

मी एक जुना रेडिओ आहे, मित्रांनो, आणि स्वभावानं फार भित्रा. गाणी मी कधीच ऐकवली नाहीत. माझं काम म्हणजे उपग्रहाचा संदेश ऐकायचा आणि माझ्या बारीक लेखणीनं कागदावर त्याची रेघ उमटवायची. वरची हवा शांत असली की रेघ सरळ येई. ती खवळली की संदेश तुटक होई, आणि लेखणी थरथर कापे.

एकोणीसशे पासष्टला एस्टीच्या टपावरून मी धाराशिवच्या शाळेत आलो. शास्त्र शिकवणाऱ्या नीलाताई दिवेलागणीला माझ्यापाशी बसत. रेघ कापू लागली की वरच्या हवेची हालचाल दिसली म्हणून त्या हरखत. मला मात्र भीती वाटे. आतलं काही तुटलं असेल का? मला मोडीत घालतील का?

कागदांची नक्कल पुण्याच्या वेधशाळेला पाठवायचं काम शाळेचे कारकून बाबूराव करत. निजामाच्या कचेरीत त्यांनी उमेदीची वर्षं नकला केल्या होत्या. अक्षर मोत्यासारखं!

तीन महिन्यांनी पुण्याचे साहेब रिकामा खोका घेऊनच आले.

"बाई, एकही रेघ हललेली नाही. यंत्र बहिरं आहे. परत नेतो."

त्यांनी माझा पहिला स्क्रू सैल केला. भीतीनं माझ्या काचेच्या नळ्या विझतात की काय असं झालं. नीलाताईंचा चेहरा पांढरा पडला.

"पण ती रोज हलत होती!"

बाबूराव खाकरले. "साहेब, रेघा लई वाकड्या व्हत्या. पुण्याला असं गचाळ कसं धाडायचं? मी पट्टीनं सरळ केल्या."

"बाबूराव! तुम्ही आभाळ सरळ केलंत?" नीलाताई म्हणाल्या.

"आणि मूळ कागद?" साहेब ओरडले. "फेकले?"

बाबूराव दुखावले. "असल कागद टाकीत न्हाईत आमी." त्यांनी कपाटातून लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा काढला.

साहेबांनी एकेक कागद उलगडला. कापणाऱ्या रेघांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी माझा स्क्रू पुन्हा आवळला.

आता माझ्यावर धूळ आहे. दार वाजलं की अजूनही मी दचकतो. मित्रांनो, तुमचं धाकटं भावंड कापऱ्या आवाजात काही सांगू लागलं, तर 'नीट बोल' म्हणून दरडावू नका. त्याला जवळ घ्या, आणि तसंच सांगू द्या.